डर्बीशरच्या शृंगारलेल्या विहिरी

इंग्लंडच्या मध्यभागी डर्बीशर नावाचा परगणा आहे. त्याच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखास 'पीक' असे म्हणतात. या मुलखातील खेड्यापाड्यांत मे महिन्यापासून सप्टेंबरपर्यंत, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, एक उत्सव गावोगाव पाळीपाळीने साजरा होतो. गावातील विहिरींवर व झऱ्यांवर ओल्या मातीने लिंपलेल्या मोठमोठ्या फळ्या उभ्या करतात आणि त्या मातीवर फुलांच्या पाकळ्या, पाने, शेवाळ व बिया एकेक करून बसवून संपूर्ण चित्रे रचतात. धर्मोपदेशक मिरवणुकीने येऊन पाण्याला आशीर्वाद देतो. सुमारे आठवडाभर चित्र टिकते. मग फुले कोमेजतात, माती तडकते आणि फळ्या उतरवल्या जातात. हा शृंगार पाहण्यासाठी शहरांतून आलेले लोक कुरणांतील पाऊलवाटांनी एका गावाहून दुसऱ्या गावी पायी हिंडतात.

इंग्रजांच्या लोकाचाराविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. परंतु ते बहुधा लंडनचे किंवा दरबारी थाटाचे. खेड्यातील इंग्रज आपल्या पाण्यापुढे फुले का वाहतो, हा प्रश्न आम्हांस त्याहून अधिक जवळचा वाटतो.

प्रथम भूमीचा विचार करू. पीकच्या दक्षिण भागातील खडक चुनखडीचा आहे. चुनखडीवर पडलेले पाणी पृष्ठभागावर थांबत नाही. भेगांतून खाली उतरते आणि पोटातल्या पोटात वाहते. लॅथकिल आणि मॅनिफोल्ड या तिथल्या नद्या उन्हाळ्यात काही ठिकाणी चक्क अदृश्य होतात. कोरडे पात्र तेवढे मागे राहते. भोवताली हिरवेगार कुरण आणि पिण्यास थेंब नाही, अशी अवस्था या माळावर शक्य आहे. अशा ठिकाणी जेथे झरा बारमाही वाहतो तेथेच गाव वसते. इंग्रजीत ज्यास 'वेल' म्हणतात ती आपल्याकडील खोल आडासारखी असतेच असे नाही. पुष्कळदा तो दगडी कुंडात पडणारा झराच असतो. गोमंतकातील वाचकांस अशी झर ओळखीची आहे. पणजीतील फोंताइन्यास या वाड्याचे नावच मुळी झऱ्यावरून पडले.

जलपूजा ही त्या बेटावर ख्रिस्ती धर्माहून जुनी आहे. रोमन लोक ऑक्टोबरच्या तेराव्या दिवशी 'फोंतिनालिया' नावाचा सण पाळीत. त्या दिवशी झऱ्यांत फुलांचे हार टाकीत व विहिरींना मुकुट घालीत, अशी नोंद वारो या रोमन ग्रंथकाराने केली आहे. ब्रिटनच्या उत्तर सीमेवर कोव्हेन्टिना नामक जलदेवतेचे कुंड होते. ते इ. स. १८७६ मध्ये उकरले तेव्हा त्यातून हजारो नाणी निघाली. डर्बीशरमधील बक्स्टन येथे उष्णोदकाचा झरा आहे. त्यास रोमन लोक 'आर्नेमेटियेचे पाणी' म्हणत. आर्नेमेटिया ही देवराईची देवता. राई, झरा आणि देवता हे त्रिकूट कोकणातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

ख्रिस्ती धर्म आला तेव्हा या देवतांचे काय करावे, हा प्रश्न उपस्थित झाला. पोप ग्रेगरीने इ. स. ६०१ मध्ये आपल्या प्रचारकांस कळविले की जुनी देवळे पाडू नयेत. मूर्ती काढून त्या जागा नव्या देवास अर्पण कराव्यात. त्याप्रमाणे झऱ्यांना संतांची नावे मिळाली. बक्स्टनचा झरा संत अ‍ॅनचा झाला. तरीही अधिकाऱ्यांच्या मनातील शंका गेली नाही. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजा कनूट याने विहिरींच्या पूजेस कायद्याने बंदी केली, इ. स. ११०२ मध्ये वेस्टमिन्स्टर येथील धर्मसभेने बिशपच्या संमतीवाचून कोणत्याही झऱ्यास पवित्र मानू नये, असा ठराव केला. एकच गोष्ट पुनःपुन्हा मना करावी लागते तेव्हा ती चालू होती, असेच अनुमान इतिहासकाराने काढावयाचे असते.

सर्वांत कठोर घाव सोळाव्या शतकात पडला. आठव्या हेन्रीने रोमशी संबंध तोडल्यावर त्याचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याच्या आज्ञेने इ. स. १५३८ मध्ये सर विल्यम बॅसेट बक्स्टनला गेला. बरे झालेल्या रोग्यांनी संत अ‍ॅनच्या मंदिरात ठेवलेल्या कुबड्या व वस्त्रे त्याने काढून नेली आणि स्नानगृहास व झऱ्यास कुलूप लावून मोहोर केली. नवसाच्या त्या कुबड्या गेल्या. झरा मात्र वाहतच राहिला. पुढील पिढीतच तेथे पुन्हा स्नानार्थींची गर्दी झाली आणि कैदेत असलेली स्कॉटलंडची राणी मेरी हिलाही संधिवातावर उपाय म्हणून तेथे येऊ देण्यात आले.

आता मूळ उत्सवाकडे वळू. विहिरी शृंगारण्याचा मान परंपरेने टिसिंग्टन या खेड्याकडे जातो. अ‍ॅशबोर्न या बाजारगावाच्या उत्तरेस सुमारे चार मैलांवर हे गाव आहे. फिट्झहर्बर्ट घराण्याचा सतराव्या शतकातील वाडा, एक जुने चर्च, बदकांचे तळे आणि दगडी घरांची एक रांग, एवढाच त्याचा विस्तार. वाड्यासमोरची ती 'हॉल वेल'. शवपेटीच्या आकाराची म्हणून एकीस 'कॉफिन वेल'. यू वृक्षाजवळची म्हणून दुसरीस 'यू ट्री वेल'. याखेरीज 'टाउन वेल' आणि 'हँड्स वेल'. या पाच विहिरी मोठ्यांच्या. सहावी मुलांनी सजवावयाची. ईस्टरनंतर चाळिसाव्या दिवशी ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा सण येतो. त्या गुरुवारी चर्चमधील प्रार्थना आटोपून सारे गाव मिरवणुकीने निघते आणि प्रत्येक विहिरीपाशी थांबून तिला आशीर्वाद दिला जातो.

हा आचार केव्हापासूनचा? गावात दोन कथा सांगतात. पहिली अशी की इ. स. १३४८-४९ च्या महामारीने सारा परगणा ओस पडला तेव्हा टिसिंग्टनचे लोक वाचले. त्यांनी ते श्रेय आपल्या निर्मळ पाण्यास दिले आणि कृतज्ञतेने विहिरी सजविल्या. दुसरी कथा इ. स. १६१५ च्या अवर्षणाची. त्या वर्षी २५ मार्चपासून २ मेपर्यंत पावसाचा थेंब पडला नाही आणि पुढे ऑगस्टच्या आरंभापर्यंत मोजक्याच सरी आल्या, अशी नोंद जवळच्या यूलग्रेव्ह गावच्या चर्चच्या दप्तरात आहे. पिके आणि गवत करपून गेले. परंतु टिसिंग्टनच्या विहिरी आटल्या नाहीत व दूरदूरचे लोक आपली गुरे घेऊन तेथे पाण्यास आले, असे सांगतात.

या दोन कथांचे वजन सारखे नाही. महामारीचा फैलाव पिसवांमार्फत होतो हे आज आपणांस ठाऊक आहे. पाणी कितीही निर्मळ असले तरी त्यायोगे तिला अटकाव होणे संभवनीय नाही. शिवाय त्या घटनेनंतर सुमारे चारशे वर्षे या उत्सवाविषयी कागदपत्रे मौन पाळतात. अवर्षणाची कथा मात्र त्या भूमीच्या स्वभावाशी जुळते, आणि अवर्षणाला तरी दप्तराचा आधार आहे. प्रत्यक्ष उत्सवाचे लेखी उल्लेख अठराव्या शतकापूर्वी मिळत नाहीत; 'जंटलमन्स मॅगझिन' या नियतकालिकात इ. स. १७९४ मध्ये टिसिंग्टनच्या फुलांनी नटलेल्या विहिरींचे वर्णन आले. तेव्हा रोमन फोंतिनालियापासून आजच्या उत्सवापर्यंत अखंड धागा आहे असे जे कित्येक जण उत्साहाने लिहितात, ते आम्हांस मान्य करता येत नाही. धागा असेलही; पण तो दिसत नाही. मात्र लोकांनी आपल्या उत्सवासाठी कोणती कारणे स्मरणात जपली, हेदेखील इतिहासाचेच साधन आहे. महामारी आणि अवर्षण ही दोन भये त्या गावाने जपली व त्या दोन्हींपुढे आपल्या पाण्यास उभे केले, एवढे निश्चित.

आरंभी हा शृंगार साध्या हारांचा असावा. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चरणात एबनेझर ऱ्होड्स याने या प्रदेशाचे वर्णन केले, तोवर आकार कापलेल्या फळ्यांवर ओली माती लिंपून तीत फुले रोवण्याची पद्धत पडली होती. आजची कृती तिचेच विकसित रूप होय. ती थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण या उत्सवाचे मर्म तिच्यातच आहे.

प्रथम लाकडाची मोठी पसरट चौकट नदीत किंवा तळ्यात काही दिवस बुडवून ठेवतात. लाकूड पाणी पिऊन तृप्त झाले म्हणजे ते पुढे मातीतील ओल शोषून घेत नाही. माती धरून राहावी यासाठी फळीवर शेकडो खिळे ठोकलेले असतात. चिकणमातीत पाणी व मीठ घालून ती पायांनी तुडवितात. मिठामुळे ती लवकर वाळत नाही. माती फळीवर सुमारे इंचभर जाडीने सारखी केली की कागदावर काढलेले चित्र तिच्यावर पसरतात आणि रेषारेषांवरून टोचणी टोचून त्याचा ठसा मातीत उतरवितात. नंतर रेषा भरावयाच्या: त्यासाठी अल्डर नावाच्या झाडाची छोटी काळी बोंडे, कॉफीच्या बिया किंवा झाडाच्या सालीचे तुकडे वापरतात. मग दगडफूल, शेवाळ, पाने व बिया यांसारखे टिकाऊ पदार्थ येतात आणि सर्वांत शेवटी, नाजूक म्हणून, पाकळ्या.

पाकळ्या बसविण्याचे काम नेहमी खालून वर करतात. प्रत्येक वरची पाकळी खालचीवर किंचित चढलेली असते; आपल्या कौलारू छपरावर कौले चढतात तशी. पाऊस आला तर पाणी ओघळून जावे हा हेतू. आकाशासाठी हायड्रेंजियाच्या निळ्या पाकळ्या, मेंढरांसाठी खरीच लोकर, अशी सामग्री जमवितात. जे निसर्गातून मिळते तेच वापरावे, हा दंडक बहुतेक गावी कसोशीने पाळतात. बार्लो गावाची रीत थोडी निराळी. तेथे पाकळ्या न तोडता संपूर्ण फुलेच वापरतात. विषय बहुधा बायबलातील असतात. अलीकडे एखाद्या थोर पुरुषाची किंवा घटनेची स्मृतीही चित्रित होते.

ताज्या पाकळ्या आधीपासून जमवून ठेवता येत नाहीत, म्हणून हे काम शेवटच्या तीनचार दिवसांत, प्रसंगी रात्रंदिवस करावे लागते. एखाद्या कोठारात फळी आडवी ठेवून तिच्याभोवती म्हातारीकोतारी, तरुण स्त्रिया, शेतकरी व शाळकरी मुले वाकून बसतात. चित्र रेखाटणारा एखादाच असतो. भरणारे हात मात्र साऱ्या गावाचे. आपल्याकडे पालखीच्या वाटेवर आळीतील बायका मिळून रांगोळी घालतात, तेव्हा ती कोणा एकीची राहत नाही. येथेही तोच न्याय.

या आचाराचा प्रसार कसा झाला, हा भाग आमच्या मते सर्वांत उद्बोधक आहे. कोणास वाटेल की नळ आले तशा विहिरी विसरल्या गेल्या असतील. घडले ते उलट. इ. स. १८२७ मध्ये वर्क्सवर्थ या गावी शिशाच्या खाणींच्या मुलखात नळाचे पाणी आले, तेव्हा लोकांनी चक्क नळांनाच फुलांनी सजविले. त्यामागे इतिहास होता. खाणीतील पाणी काढून टाकण्यासाठी खाणमालकांनी डोंगराच्या पोटातून मैलोगणती बोगदे खणले होते. त्यांमुळे भूगर्भातील पाण्याची पातळी खाली गेली व कित्येक झरे आटले. याच बोगद्यांपैकी एकाच्या पाण्यावर रिचर्ड आर्कराइटने इ. स. १७७१ मध्ये क्रॉमफर्ड येथे आपली सूतगिरणी उभारली. ज्या यंत्रयुगाने पुढे आपल्याकडील सूतकताई बसविली, त्याचे एक चाक या डोंगरांतून पळविलेल्या पाण्यावर फिरत होते. पुढे अधिक खोल असा दुसरा बोगदा खणला गेला आणि इ. स. १८४० च्या दशकात गिरणीचेही पाणी हिरावले गेले. जमिनीखालच्या पाण्याची मालकी कोणाची, हा वाद तेथील न्यायालयांतही गेला होता. ज्या मुलखाने आपले झरे असे आटताना पाहिले, तेथे सार्वजनिक नळाला हार घालणे हा नुसता पोरखेळ नव्हे.

यूलग्रेव्हची हकीकत तर विशेष सांगण्यासारखी. तेथील स्त्रियांना दरीतील नदीवरून चढाने पाणी वाहून आणावे लागे. गावातील स्त्रियांच्या परस्पर-साहाय्यक मंडळाने या प्रश्नाचा पाठपुरावा केला आणि इ. स. १८२९ मध्ये दूरच्या झऱ्याचे पाणी नळाने आणून गावाच्या मध्यभागी एका वर्तुळाकार दगडी टाकीत सोडण्यात आले. तिला 'फाउंटन' म्हणतात. ती आजही उभी आहे. त्या पाण्यासाठी प्रत्येक घराने वर्षाला सहा पेन्स द्यावयाचे असे ठरले. पाणी आले त्या आनंदात गावाने विहीर शृंगारण्याचा परिपाठ सुरू केला. पाणीपुरवठ्याची व्यवस्था गावाने पुढेही आपल्या हाती ठेवली. बक्स्टन येथेही इ. स. १८४० मध्ये डेव्हनशरच्या ड्यूकने बाजारातील पंपापर्यंत पाणी आणून दिले, त्याच्या आभारप्रदर्शनार्थ शृंगाराचा उत्सव सुरू झाला. तात्पर्य, आज जे प्राचीन म्हणून मिरवते त्याचा बराचसा भाग दोनशे वर्षांच्या आतबाहेरचा आहे, आणि त्याच्या मुळाशी देवतेपेक्षा डोक्यावरची घागर अधिक आहे. त्यामुळे त्याची थोरवी कमी होते असे आम्हांस वाटत नाही, उलट वाढते.

ईम या गावाचा उल्लेख केल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. इ. स. १६६५ मध्ये लंडनहून आलेल्या कापडाच्या गाठोड्याबरोबर तेथे प्लेग शिरला. धर्मोपदेशक विल्यम मॉम्पेसन आणि त्याचा पूर्वीचा प्रतिस्पर्धी टॉमस स्टॅन्ली या दोघांनी मतभेद बाजूस सारून गावकऱ्यांस विनविले की कोणीही वेशीबाहेर जाऊ नये. रोग येथेच मरू द्यावा. गावाने ते ऐकले. बाहेरचे लोक वेशीवर अन्न ठेवून जात आणि ईमचे लोक त्याचे पैसे झऱ्याच्या वाहत्या पाण्यात टाकून ठेवीत. गावाच्या वरच्या अंगास असलेला तो झरा आजही 'मॉम्पेसनची विहीर' म्हणून ओळखला जातो. चौदा महिन्यांत सुमारे २६० माणसे दगावली. त्यांत मॉम्पेसनची पत्नी कॅथरिन हीही होती. भोवतालची गावे वाचली. आता ऑगस्टच्या अखेरीस, त्या मृतांच्या स्मरणार्थ होणाऱ्या प्रार्थनेच्या सुमारास, ईमच्या विहिरी शृंगारल्या जातात. टिसिंग्टनमध्ये पाण्याने गाव वाचविले अशी श्रद्धा आहे; ईममध्ये गावाने दुसऱ्यांस वाचविले, हा इतिहास आहे.

या वाटांनी हिंडण्याचा हक्कही आयता मिळालेला नाही. मँचेस्टर व शेफील्ड येथील गिरणी-कारखान्यांतले मजूर रविवारी या डोंगरांकडे धाव घेत. परंतु वरचे माळ जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेले. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो तरुण मनाई मोडून किंडर स्काउटच्या माळावर चढले. त्यांपैकी पाच जणांस कारावास झाला. पुढे १९५१ मध्ये पीक हे ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. १८९९ मध्ये सुरू झालेल्या ज्या आगगाडीने यात्रेकरू टिसिंग्टनला उतरत, ती बंद झाल्यावर १९७१ मध्ये तिच्याच मार्गावर पायी चालणाऱ्यांसाठी वाट झाली. पाणी आणि वाट या दोन्ही गोष्टी सर्वांच्या असाव्यात, यासाठी त्या मुलखास झगडावे लागले आहे.

महायुद्धांच्या काळात अनेक गावी उत्सवात खंड पडला. २०२० मध्ये, महामारीतून वाचल्याच्या कृतज्ञतेपोटी जन्मल्याचे सांगितले जाते तो हा उत्सव दुसऱ्या एका महामारीने बहुतेक ठिकाणी थांबविला. तो पुन्हा सुरू झाला आहे. मात्र खेड्यांतील घरे आता पुष्कळदा सुट्टीपुरती येणाऱ्या शहरवासीयांच्या हाती जातात आणि पाकळ्या लावणारे हात मिळविणे हीच गावांपुढची खरी अडचण आहे.

आपल्याकडे काय? २४ जूनला, संत जॉनच्या सणाला, गोव्यात सांजांव साजरा होतो. ख्रिस्ती तरुण मस्तकी फुलापानांची कोपेल घालून बांयत उड्या घेतात. यूलग्रेव्ह व टाइड्झवेल येथील विहिरीही याच संताच्या दिवसाजवळच्या शनिवारी शृंगारल्या जातात. तेथे मुकुट विहिरीला, येथे विहिरीत उतरणाऱ्याला, एवढाच फरक. घाटावर व कोकणात बाळंतीण सव्वा महिन्याने विहिरीवर जाऊन पाण्याची ओटी भरते; विहिरीच्या काठी शेंदूर लावलेल्या आसरा असतात. इंदूरच्या अहिल्याबाईंनी बांधविलेल्या विहिरी व घाट देशभर विखुरलेले आहेत. परंतु ज्या समाजाने पाण्याची पूजा केली त्यानेच आपल्यातील माणसांस पाण्याला शिवू दिले नाही, हेही लिहिलेच पाहिजे. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह जावे लागले, आणि तो हक्क न्यायालयात सिद्ध होण्यास १९३७ साल उजाडले. पाण्याला फुले वाहणे सोपे. ते वाटून घेणे कठीण.

हल्ली नळ आल्यापासून आपल्या गावोगावच्या विहिरींत केरकचरा पडतो आणि बारवांच्या पायऱ्यांवर झुडपे माजतात. डर्बीशरच्या खेड्यांतही नळ आहेत. पण वर्षातून एक आठवडा तेथील माणसे, आपले गाव या ठिकाणी का वसले, याची आठवण ठेवतात. त्यासाठी फार खर्च लागत नाही. माती, मीठ, परसातील फुले आणि चार दिवस एकत्र बसण्याची तयारी लागते. आठवडा संपला की कोमेजलेल्या पाकळ्या खरवडून काढतात, फळ्या धुऊन ठेवतात, आणि विहीर पुन्हा उघडी, साधी, वाहती होते.